माहितीस्तव

अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकाला मास्तरांचा पगार वाढवता येत नाही, कापता येत नाही आणि वेळेवर आणणं तर त्याच्या हाती अजिबातच नसतं. त्याच्या हाती असतं ते फक्त कळवणं. नागपुरातले मोठे सर हे काम शंभर टक्के अनुदानावर असल्यासारखं करतात.

मोठे सर कुण्या एका शाळेचे नव्हेत. महाल, इतवारी, सक्करदरा, कुठल्याही जुन्या अनुदानित शाळेत डोकावा, भेटतील. चष्मा कपाळावर, खिशात लाल-निळे पेन आणि टेबलाच्या काचेखाली गजानन महाराजांच्या शेजारी वेतन पथकातल्या बाबूचा मोबाईल नंबर. तत्त्व एकच : स्टाफला अंधारात ठेवायचं नाही. विजेचं बिल थकून महावितरणचा माणूस दारात आला, तेव्हाही त्यांनी आधी तशी सूचना काढली आणि मगच त्याला मीटर दाखवलं.

पगाराचं बिल शालार्थ प्रणालीवर भरायचं, मग ते पथकाकडे, तिथून कोषागारात, तिथून बँकेत. बाकी शाळांतल्या मास्तरांना या प्रवासातला शेवटचा टप्पाच कळतो, मोबाईल वाजला की. मोठ्या सरांच्या शाळेत दर टप्प्याला चपराशी सूचना वही घेऊन वर्गोवर्गी फिरतो. सोमवारी : ‘माहे फेब्रुवारीचे वेतन देयक ऑनलाइन फॉरवर्ड केले आहे.’ मंगळवारी : ‘देयक पथकास दिसत आहे.’ गुरुवारी : ‘देयक पथकास दिसत आहे, परंतु पथक देयकाकडे पाहत नाही.’ शनिवारी, लाल शाईत : ‘तरतूद नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.’

सर्व जण नोंद घेतात. वही वर्गात आली की पायथागोरस कर्णावरच थांबतो, मॅडम सही करतात आणि पहिल्या बाकावरचं पोट्टं अदबीनं विचारतं, “मॅडम, झाला का पगार?” आठवीतल्या पोरांना ‘लेखाशीर्ष’ हा शब्द माहीत असलेली जिल्ह्यातली ही बहुधा एकमेव शाळा असेल.

कागदावर शासकीय असलेले सर तोंडी मात्र पक्के नागपुरी. स्टाफरूममध्ये येतात आणि दोन्ही हात वर करून सांगतात, “पाहा बापा, मी तुमच्यापासून काहीच लपवून नाही राहिलो. माझ्यापाशी लपवाले हाय तरी काय?” हे मात्र खरं. वेतनेतर अनुदान, म्हणजे खडू, झाडू, वीज, पाणी यांचा पैसा, मधली बरीच वर्षं बंदच होतं. २०१३ पासून ते पुन्हा सुरू झालं, पाच टक्क्यांनी, आणि तेही पाचव्या वेतन आयोगाच्या पगारावर मोजून. मास्तर सातव्या आयोगात पोचले, खडू अजून पाचव्यातच आहे. आठवीपर्यंत फी घेता येत नाही, आणि संस्थेचे अध्यक्ष फक्त पंधरा ऑगस्टला देणगीबद्दल बोलतात, तेही दुसऱ्यांच्या.

एकदा सरांनी खडूबचतीवर सभा घेतली. फळ्यावर मोठ्ठं वर्तुळ काढून त्याचे भाग पाडले : वीज निळी, पाणी हिरवं, स्टेशनरी पिवळी, किरकोळ गुलाबी. मग प्रत्येक भाग रंगवून काढला. वर्तुळ इतकं देखणं झालं की चित्रकलेच्या सरांनी टाळी वाजवली. सभा संपली तेव्हा रंगीत खडूंची पेटीही संपली होती. दुसऱ्या दिवशी सूचना आली : ‘कालच्या सभेमुळे रंगीत खडू शिल्लक नाहीत. माहितीस्तव.’

डिसेंबरात सरांना भरती येते. १९५३च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन इथे ठरवून दिलंय, तेव्हा महिनाअखेरीला जे मुंबईत शोधायचं ते सरकारच गावात मुक्कामाला असतं. सभागृहात पुरवणी मागण्या मांडल्या, की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश : ‘आपली तरतूद सिव्हिल लाइन्सपर्यंत आली आहे. शाळेपासून अंतर अंदाजे तीन किलोमीटर.’ त्या तीन किलोमीटरला पुढे तीन महिने लागतात, ही गोष्ट निराळी. टप्पा अनुदानवाले शिक्षक मोर्चा घेऊन निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिस अडवतात, आणि सर आपल्या शाळेतल्या मोर्चेकऱ्यांची किरकोळ रजा मंजूर करताना शेऱ्यात लिहितात : ‘परत येताना काय कळले ते कळवावे.’ यातलेच एक सर अजून चाळीस टक्के अनुदानावर आहेत. ते चहाही कटिंगच घेतात. बाकीचा पुढच्या टप्प्यात, म्हणतात.

स्टाफ हसतो, पण चौकातल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दुसऱ्या शाळांचे मास्तर भेटले की प्रकरण उलटतं. त्यांच्या मुख्याध्यापकांचं उत्तर दोन अक्षरी असतं : “बघू.” मग त्यांच्या स्टाफरूममध्ये अफवा पिकतात. कुणी म्हणतं संचमान्यतेत पदं गेली, कुणी म्हणतं शाळाच समायोजनात निघाली. शेवटी ते आमच्याच लोकांना धरतात, “काहो, तुमच्या मोठ्या सरांनी आज काय काढलं?” आमचा माणूस तर्री ओरपत ऐटीत सांगतो, “पथक पाहून नाही राहिलं.” ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पगार कुणाचाच झालेला नसतो, पण एकाला तो का झाला नाही हे तरी कळलेलं असतं, आणि तेवढ्यावर माणूस किराणावाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवून आणखी आठ दिवस मागू शकतो.

यंदा मार्च एंडिंगच्या ऐन धामधुमीत सूचना वहीचं शेवटचं पान आलं. त्यावर सरांनी लिहिलं : ‘सदर वही समाप्त झाली आहे. नवीन वही वेतनेतर अनुदान प्राप्त झाल्यावर घेण्यात येईल. तोपर्यंत सर्व सूचना मधल्या सुट्टीत तोंडी देण्यात येतील.’

स्टाफरूममध्ये सन्नाटा पसरला. तोंडी म्हणजे ‘पाहा बापा’पासून सुरुवात, मग पाचवा आयोग, मग वर्तुळ. डबा खाणार कधी? गेल्या दिवाळीला स्नेहभोजनाची वर्गणी द्यायला महिनाभर टाळाटाळ केलेल्या मंडळींनी पाच मिनिटांत दहा-दहा रुपये काढले. चाळीस टक्केवाल्या सरांनी चार दिले. चपराशी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आला.

शाळा सुटायच्या आत तिच्यात पहिली सूचना फिरली : ‘स्टाफने स्वयंस्फूर्तीने जमवलेली रक्कम १२४ रुपये. वहीचा खर्च ९० रुपये. शिल्लक ३४ रुपये. सदर शिलकीच्या विनियोगाबाबत शनिवारी शाळा सुटल्यावर सभा. उपस्थिती अनिवार्य.’