अर्धं सूत

पळस्पे फाट्यावर समुद्र नाही. आहे तो मिस्त्रींच्या गॅरेजमागे, दोनशे लिटरच्या पिंपात. उरण-करंजाहून टेम्पोत आडवी होऊन आलेली होड्यांची मशिनं या पिंपाच्या काठाला टांगून चालवतात. कोरडी फिरवली तर पाणी खेचणारी रबराची पंखी जळते. चहूकडे ट्रकांचे टायर, ग्रीस, आणि मधोमध हा बुडबुडणारा अरबी समुद्र. मिस्त्री स्वतः होडीत बसत नाहीत. त्यांना बोट लागते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून तोच मिस्त्रींचा हंगाम. नाखवाची तक्रार साधी असते: "मूठ पिळली की मशीन खोकतं नि बसतं." दुसऱ्या कुणी कार्बोरेटर धुऊन पैसे मागितले असते. मिस्त्री डोळे मिटून मूठ हळूहळू पिळतात, वैद्य नाडी बघतो तशी. मग सांगू लागतात. मूठ वायर ओढते, वायर फ्लायव्हीलखालची थाळी फिरवते, थाळीचा उतार रोलरला ढकलतो आणि रोलर कार्बोरेटरची झडप उघडतो. "थाळी फिरली की ठिणगी लवकर पडते. आधी ती, मग झडप. वऱ्हाड वेशीवर असताना पंगत बसवली तर काय होईल, नाखवा?"

जुन्या टू-स्ट्रोक मशिनात खरोखर एवढंच असतं. उतारावरची खूण रोलरच्या मध्यावर आली की झडप हलायला लागावी, त्याआधी नाही. स्क्रू ढिला करा, खूण जुळवा, स्क्रू आवळा. मी घड्याळ लावून पाहिलंय, दहा मिनिटं लागतात.

मिस्त्रींना तीन दिवस लागतात, कारण खूण जुळली की त्यांच्या कपाळावर आठी पडते. "अर्धं सूत मागं आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण मिस्त्रींचं अर्धं सूत कुठल्याच पट्टीवर सापडत नाही. चहात साखर अर्धं सूत जास्त असते, कॅलेंडरातला गणपती अर्धं सूत कललेला असतो. मुलीला बघायला आलेला मुलगाही अर्धं सूत पुढे निघाला. (लग्न झालं, जावई चांगला आहे.) पळस्पे ते इंदापूर रस्त्याच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात लागला. वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या त्या 84 किलोमीटरांबद्दल मात्र त्यांनी कधी कुरकुर केली नाही. "नीट काम वेळ घेतं."

गेल्या 30 जुलैला एक नाखवा हातघाईवर आला. मशीन पिंपात मांजरासारखं गुरगुरत होतं. मिस्त्री चहा आणायला वळताच त्याने बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका स्क्रूवर टेकवला. फोडला तर कळेल, असा सीलबंद.

मिस्त्री आले. वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हे कुणी केलं?"

"मी. आता हात लावायचा नाय, मिस्त्री."

"नाही लावत," मिस्त्री म्हणाले आणि खिशातला पाना चाचपू लागले. "पण ठिपका देताना हलवलास तू. अर्धं सूत."