बिस्किटं पाडून आणण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्या घरातला भाचा परदेशात आहे, त्या घराच्या माळ्यावर हे यंत्र बहुधा सापडतं. हातात धरायची धातूची नळी, वर दाबायचा खटका, आणि खाली बसवायच्या डझनभर नक्षीदार चकत्या. जर्मनीत आणि त्याच्या उत्तरेकडच्या देशांत नाताळ जवळ आला की यातून लोण्याच्या पिठाची बिस्किटं पाडतात. आमच्या यावल तालुक्यातली कुठलीही बाई ते एका नजरेत ओळखते. सोऱ्याच आहे, फक्त पितळेचा नाही.

तरी प्रयोग करायचाच असेल तर आधी चकत्या निवडून घ्या. नाताळचं झाड आणि हिमकण बाजूला ठेवा; सातपुड्याच्या पायथ्याशी हिमकणाची ओळख पटवून देण्यात दुपार जाईल. केळ्याची चकती कंपनीने दिलेलीच नाही. यावरून यंत्र बनवणाऱ्यांनी आपल्या केळीच्या तालुक्याचा कितपत विचार केला होता, ते समजून घ्यावं.

प्रमाण सोपं आहे: साखर एक भाग, लोणी दोन, मैदा तीन. ताटाला तुपाचा हात लावू नका. इथे आपल्या बायकांची पिढीजात सवय आड येते. पीठ कोरड्या, थंड ताटाला चिकटलं तरच साच्यापासून सुटतं. तूप लावलेल्या ताटावरून ते साच्याला धरून पुन्हा वर येतं. पुढची अट मात्र अवघड आहे. लोणी ‘खोलीच्या तापमानाला’ असावं, असं कृतीत लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याची खोली वीस अंशांची. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास असतो. म्हणजे खोलीच्या तापमानाचं लोणी वाटीतून प्यायचं. यंत्र पुसून माळ्यावर ठेवा, भाच्याला ‘फार छान निघाली’ असं कळवा आणि डबे घेऊन बेकरी गाठा.

खरं शास्त्र इथून सुरू होतं.

दिवाळीआधी बेकरीवाला बिस्किटं पाडून, भाजून देतो, पण साहित्य घरूनच न्यायचं: पीठ, साखर, तूप, दूध, वेलची. मैद्याला नाकं मुरडणाऱ्यांनी गव्हाचं पीठ न्यावं. बिस्कीट काळपट होतं, पण सुनेला बोलायला जागा राहत नाही. तूप की डालडा, हा वाद बेकरीच्या दारात काढू नये. याच तालुक्यात, फैजपूरला, १९३६ साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं आणि पुढच्याच वर्षी डालडा बाजारात आला. यातली मोठी घटना कुठली, यावर रांगेतल्या बायकांचं एकमत व्हायचं आहे. तांत्रिक बाजू एवढीच की भाच्याच्या यंत्राला लागणाऱ्या लोण्यात पाणी असतं, तुपात जवळपास नसतंच. स्निग्धांश पिठाच्या कणाकणाला माखतो, चिवटपणा धरू देत नाही. म्हणून तुपाचं बिस्कीट तोंडात विरघळतं आणि हातातही मोडतं.

डब्यावर नाव घाला. नुसतं ‘पाटील’, ‘चौधरी’ किंवा ‘महाजन’ लिहून भागणार नाही, रांगेतले निम्मे डबे त्याच नावांचे असतात. गल्ली लिहा, सासऱ्यांचं नाव लिहा, आणि डब्याला पोचा कोणत्या बाजूला आहे ते स्वतः पाठ करा. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात नंबर लागायला रात्र होते. सोबत एक मोठं माणूस आणि एक चपळ मूल हवं. मोठं माणूस जागा धरतं आणि मूल आत जाऊन आपलंच तूप आपल्याच पिठात पडलं का ते बघून येतं. संशय घ्यायचा, पण तोंडावर दाखवायचा नाही. ‘मावशी, तुप पातय झालं, पीठ आना अजून’ असं आतून आलं की वाद न घालता पीठ आणावं. मळणाऱ्याच्या हाताला जे कळतं, ते वजनकाट्याला कळत नाही.

चिमूटभर अमोनिया तो टाकतो, त्याने घाबरू नका. भट्टीत त्याचा वायू होऊन निघून जातो आणि जाता जाता बिस्कीट हलकं करतो. वास मागे राहिला तर बिस्कीट कच्चं आहे असं समजून लगेच भांडावं, घरी जाऊन नव्हे.

आता आकार. बेकरीतल्या यंत्राच्या तोंडाला रेघांची पट्टी लावली की पिठाची लांब फीत निघते आणि कारागीर ती न बघता सारख्या तुकड्यांत कापतो. ‘आमची फुलाची काढा’ अशी मागणी करायला हरकत नाही. तो हो म्हणेल. तरी रेघांचीच निघतील, कारण मागच्या घराण्याचं पीठ पाडताना लावलेली चकती बदलायला कुणालाच वेळ नसतो. गावभर एकाच आकाराची बिस्किटं असूनही प्रत्येक घर आपली ओळखतं, आणि तीच सर्वांत चांगली आहेत यावर ठाम असतं.

पत्रे भट्टीतून आले की बिस्किटं गरम असताना डब्यात भरू नयेत. वाफ धरते आणि ती मऊ पडतात. वर्तमानपत्रावर पसरावीत. इथे मोजणी करायची. पीठ किलोत दिलेलं असतं आणि बिस्किटं नगांत मिळतात, त्यामुळे काहीही सिद्ध होत नाही. तरी मोजावीत. बेकरीवाल्याने आपल्याला मोजताना पाहणं महत्त्वाचं.

घरी डबा धान्याच्या कोठीमागे ठेवावा. मुलांना तो सापडतोच, पण दोन दिवस उशिरा.

शेजारणीकडून ताटलीत बिस्किटं येतील, त्याच पट्टीची, त्याच भट्टीतली. ‘तुमची जरा जास्त भाजली गेली का?’ एवढंच विचारावं आणि चार खावीत. ताटली रिकामी परत करू नये. आपली तेवढीच ठेवावीत, फुटकी नव्हेत.