नखावरचा ताप

टायफॉईडनं मला श्रावणात आडवं केलं आणि दिवाळीपर्यंत अकरा किलो वजन नेलं. भेटायला येणारे ‘जरा बारीक झालात’ म्हणत आणि जाताना बायकोकडे असं बघत, की तिनंच मला पिळून वाळत घातलंय. गोंदिया धानाचा जिल्हा, त्यामुळे पथ्याची ददात नव्हती. मऊ भात, पेज, पुन्हा मऊ भात.

शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘‘आता हलकं फिरायला लागा.’’ पायीच फिरा असं ते म्हणाले नव्हते, हे मी बायकोच्या लक्षात आणून दिलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला घोडीवाला राहतो. त्याच्या वडिलांचा टांगा होता. ऑटो आले, टांगा गेला, घोडी वरातीला लागली. चातुर्मासात ती बेकार, म्हणून पहाटे बांध्यांपर्यंत तिच्यावर रपेट मारायची मुभा मला चार वर्षांपासून आहे. तिला व्यायाम, मला रुबाब.

तुळशीच्या लग्नाआधी दोन दिवस तिकडे पोचलो, तर नालबंद बसलेला. ‘‘थांबा जी गुरुजी,’’ घोडीवाला म्हणाला, ‘‘पयले तिचे पाय पाहू द्या.’’

नालबंदानं तिचा पाय मांड्यांत धरला आणि आकड्यानं खुरातला चिखल उकरला. एक खडा निघाला, तणसाची काडी निघाली, आणि मग जो वास निघाला त्यानं माझी उरलीसुरली भूकही गेली. पावसाळाभर ओल्यात उभी राहून तळव्यातला मऊ त्रिकोण सडायला लागला होता. त्यानं सडका भाग छाटला, मोरचूद लावलं. मग कानस. खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, तेव्हा दीड-दोन महिन्यांनी नाल काढून तो तासावाच लागतो. खिळा तळव्यातल्या पांढऱ्या रेघेच्या बाहेरच जायला हवा, कारण तिथं खूर नखासारखा निर्जीव असतो. आत गेला तर घोडी लेखी तक्रार करत नाही. (मराठेशाहीत मोहिमेआधी शिलेदारांना मिळणाऱ्या आगाऊ रकमेला नालबंदीच म्हणत. आमच्या शाळेत सणाची उचल मिळते, तिच्या अर्जात पायांचा उल्लेखही नसतो.)

खुराच्या बाहेरून बोट फिरवता फिरवता नालबंद थांबला. केसांच्या कडेखाली दीड बोटावर एक आडवी खाच होती. ‘‘सावनात हे तापली व्हती काय?’’

‘‘व्हती ना! आठ दिवस चाऱ्याले तोंड नाही लावलं. तुले कसं समजलं?’’

मी गुपचूप माझा अंगठा पाहिला. नखाच्या मधोमध तश्शीच आडवी खाच. महिनाभर बायको कॅल्शियम कमी पडलं म्हणून नाचणी खाऊ घालत होती. जोराच्या तापात नखाची वाढ अडते आणि ती अडचण नखावर उमटते. आमचं नख महिन्याला तीन मिलिमीटर सरकतं, घोडीचं त्याच्या तिप्पट. म्हणजे आजार एकाच महिन्यातला, पण बाई माझ्यापुढे! नालबंदानं माझा अंगठा हातात घेतला, उजेडात धरला आणि कानस उचलून विचारलं, ‘‘तुमचंबी घासू काय?’’

निघालो. दोघंही आजारातून उठलेले, दोघांनाही पळायची बंदी, त्यामुळे आमचं छान जमलं होतं. मंगल कार्यालयासमोर बँडवाले तालीम करत होते. पहिला ढोल वाजला आणि घोडीनं मान उचलली. चार महिने घरी बसलेल्या नटीला तिसरी घंटा ऐकू यावी, तसं झालं. नव्या नाला डांबरावर ताल धरू लागल्या. मी आयाळ धरली. बँडवाल्यांना वाटलं, गिऱ्हाईक आलं. मी हात हलवून ‘बंद करा’ म्हणालो, त्यांनी त्याचा अर्थ ‘अजून जोरात’ असा घेतला. चहाच्या टपरीवरून एकानं येऊन माझ्या डोक्यावरून दहाची नोट ओवाळली आणि ढोलवाला दुसऱ्या टोकाला असल्यानं माझ्याच खिशात कोंबली.

घरी आलो. दार उघडत बायको म्हणाली, ‘‘आलात हलकं फिरून?’’

मी तिच्या हातावर दहाची नोट ठेवली.