मैदान कंपनीचं, घाम पोरांचा

व्हिडिओ गेम हा खेळ आहे की नाही, हा वाद आता पुरे झाला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा खात्याच्या छत्राखाली घेतलं. 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेत त्याला पदकांच्या खेळाचा दर्जा मिळाला. ‘नुसती बोटं तर हलवायची’ असं अजूनही म्हणणाऱ्यांनी बीजीएमआय या मोबाइल गेमचा एक सामना बसून पाहावा. सोळा संघ, चौसष्ट खेळाडू आणि मिनिटागणिक आक्रसत जाणारं वर्तुळ. प्रत्येक संघाचा आयजीएल, म्हणजे डाव चालवणारा म्होरक्या, कुठे उतरायचं, कुणाला भिडायचं, कुणाला वाट द्यायची हे क्षणात ठरवत असतो. चुकला तर चौघंही गारद.

मला हा खेळ आवडतो. म्हणूनच मैदान कुणाचं, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

24 जून 2022 ला बीजीएमआय मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्स 2 वर सुरू झाली. चोवीस संघ, दीड कोटीचं बक्षीस, आणि दाखवणारं कोण, तर क्रिकेट-कबड्डी दाखवणारी वाहिनी. घरोघरच्या पोरांना आयुष्यात पहिल्यांदा आईबापांना टीव्हीकडे बोट दाखवून ‘बघा’ म्हणता आलं. हा गेम साध्या मोबाइलवर चालतो. महागडा कॉम्प्युटर लागत नाही, कुठल्या क्लबचं सभासदत्व लागत नाही. शहरातल्या बंगल्यातला आणि तालुक्याच्या गावातला पोरगा एकाच नकाशावर उतरतो, आणि ही या खेळाची फार मोठी गोष्ट आहे.

28 जुलैला बीजीएमआय गूगल आणि ॲपलच्या दुकानांतून गायब झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली सरकारचा आदेश. मास्टर्स सिरीजचा अंतिम सामना होऊन दोन आठवडेही लोटले नव्हते. स्पर्धा ठप्प झाल्या आणि गेम परत यायला मे 2023 उजाडला. त्याआधी सप्टेंबर 2020 मध्ये बीजीएमआयचा पूर्वावतार, पबजी मोबाइल, असाच गेला होता. दोन वर्षांत दोनदा तीच पोरं रस्त्यावर.

सुरक्षेच्या कारणासाठी सरकारने बंदी घालावी की नाही, तो वेगळा प्रश्न. माझा मुद्दा असा की उद्या एखाद्या सरकारला कबड्डी बंद करायची असेल, तर नोटीस पाठवणार कुणाला? कबड्डीला मालक नाही. प्रो कबड्डी उद्या गुंडाळली, तरी लालबाग-परळच्या मंडळांत आणि सांगलीच्या मैदानात संध्याकाळी चढाया होतीलच. चढाईपटूला निदान पोलीस, रेल्वे, बँका यांची दारं ठोठावता येतात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत. बीजीएमआयला मात्र मालक आहे, दक्षिण कोरियाची क्राफ्टन. गेम तिचा, नकाशा तिचा, सर्व्हर तिचा. 2021 मध्ये नॉडविन गेमिंगमध्ये 164 कोटी गुंतवले तेही तिनेच, आणि मास्टर्स सिरीज भरवली ती नॉडविनने. मैदान, नियम आणि आयोजकांच्या तिजोरीतला वाटा, तिन्ही एकाच दारात. यात बेकायदेशीर काही नाही. पण क्रिकेट मंडळाच्या मनमानीवर बोंबलणाऱ्यांनी इथेही आवाज काढायला हवा.

टीव्हीवर आलं म्हणजे पाय रोवले, हा समज कोरियानेच खोटा ठरवलाय. 1999 मध्ये तिथल्या एका कार्टून वाहिनीने स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमचे सामने दाखवले. ते इतके चालले की 2000 साली ओंगेमनेट ही फक्त गेमची वाहिनी निघाली. मागून एमबीसी गेम आली. 1997 च्या आर्थिक संकटानंतर गल्लोगल्ली ‘पीसी बांग’, म्हणजे भाड्याने कॉम्प्युटर देणारे गेमिंग कॅफे, उघडले होते, तरुणांचे तांडे तिथेच असायचे. संघ मोबाइल कंपन्यांनी आणि हवाई दलानेसुद्धा काढले. हवाई दलाचा संघ यासाठी की सक्तीच्या लष्करी सेवेत खेळाडूंचा सराव सुटू नये. एका समाजाने आपल्या खेळाडूंची इतकी काळजी घेतली, हे मला मनापासून मोठं वाटतं. 2004 साली बुसानच्या ग्वांगाली किनाऱ्यावर प्रोलीग या स्टारक्राफ्टच्या सांघिक स्पर्धेची अंतिम लढत झाली, तिला लाखभर लोक लोटल्याचं सांगतात.

मग पैशाची वाटणी आली. 2007 मध्ये तिथल्या ई-स्पोर्ट्स संघटनेने प्रोलीगचे प्रक्षेपण हक्क विकले. गेम बनवणारी ब्लिझार्ड म्हणाली, आमचा गेम, आम्हाला विचारलं कुणी? संघटना म्हणाली, हा खेळ आम्ही वाढवला, आम्ही जगवला. भांडण कोर्टात गेलं आणि 2011 मध्ये तडजोड झाली. या सगळ्या वर्षांत टेबलाच्या दोन्ही बाजूंना कंपन्या आणि पदाधिकारी होते. संघाच्या घरात एकत्र राहून दिवसाचे दहा-बारा तास सराव करणाऱ्या पोरांना तिथे खुर्चीच नव्हती. 2010 मध्ये बेटिंगवाल्यांशी संधान बांधून सामने सोडल्याच्या प्रकरणात अकरा खेळाडूंवर आजीवन बंदी आली, त्यात मा जे-युनसारखा एकेकाळचा अजिंक्यवीर होता. त्यांचा गुन्हा मी झाकत नाही. पण ज्या धंद्यात पंचविशी म्हणजे म्हातारपण आणि पुढचं काहीच ठरलेलं नाही, तिथे सट्टेबाजाला पोरं सापडणारच.

2012 मध्ये एमबीसी गेम बंद करून तिथे संगीत वाहिनी लावली. त्याच वर्षी स्टारक्राफ्टची जुनी स्टारलीग स्पर्धा संपली, 2016 मध्ये प्रोलीगही. अमेरिकेत ओव्हरवॉच या गेमच्या लीगने 2018 ची अंतिम फेरी न्यूयॉर्कच्या भल्यामोठ्या बार्कलेज सेंटरमध्ये भरवली, ईएसपीएनवर दाखवली. 2023 च्या हंगामानंतर ती लीगही उरली नाही.

आपल्याकडे 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचा जुगार वेगळा काढला आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, हे चांगलं झालं. त्या मान्यतेने मैदानाची मालकी मात्र बदलत नाही. खेळाडूंची संघटना हवी. करार अशा भाषेत हवा की खेळाडूच्या वडिलांना तो वाचता यावा. गेम बंद पडला तर किती महिने पगार मिळेल, हे त्यात आकड्यात लिहिलेलं हवं. बक्षिसातला ‘ऑर्ग’चा वाटा, म्हणजे संघमालकाने कापून घ्यायची रक्कम, आधी जाहीर व्हायला हवी. अठरा वर्षांखालच्या पोराच्या सरावाला तासांची मर्यादा हवी, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा माणूस संघमालकाच्या पगारावर नसावा.

पुढच्या लीगची घोषणा होईल तेव्हा बक्षिसाच्या मोठ्या धनादेशाचे फोटो सगळीकडे छापून येतील. क्रीडा पत्रकारांनो, त्या पत्रकार परिषदेत कराराचा नमुना मागा. नाही दिला तर तेवढीच बातमी छापा.