पित्तराव, आता तरी खरं बोला

माननीय पित्तराव यांस,
सा. न. वि. वि.

पनवेलमधली आपली पत पाहून हेवा वाटतो. जुन्या पनवेलच्या वाड्यापासून खांदा कॉलनीच्या सातव्या मजल्यापर्यंत कुणाच्याही छातीत धडधडलं की घरातलं माणूस पहिलं आपलंच नाव घेतं. मग ओवा, जिऱ्याचं पाणी, थंड दूध, फेसाळणारी पुडी. मिसळीनंतर येणाऱ्या आंबट ढेकरांवर आपला हक्क कोण नाकारेल? पण दुसऱ्याचे गुन्हे अंगावर घेऊन खऱ्या आरोपीला लपवायचा हा जोडधंदा कशाला?

सकाळची सीएसएमटी लोकल घ्या. गाडी वाशीच्या खाडीपुलावर, दाराशी हलायला जागा नाही आणि धडधाकट तरुणाला एकाएकी दरदरून घाम फुटतो. श्वास पुरेनासा होतो, बोटांना मुंग्या येतात, आता आपण मरणार याची खात्रीच पटते. दहाएक मिनिटांत हे शिगेला पोचतं आणि मग ओसरू लागतं. मानखुर्दला उतरून तो घरी फोन लावतो, आणि पलीकडून उत्तर येतं, "पित्त झालं असेल, रात्री वडे खाल्लेस ना!"

वा, पित्तराव! दुसऱ्या दिवशी तो ती गाडी टाळतो, पुढच्या आठवड्यात गर्दी टाळतो, मग कामावर जाणंच. पुन्हा तसंच झालं तर, या धास्तीने माणसाला घरात बसवणारं पित्त वैद्यकात नवीनच म्हणायचं.

छातीत दुखलं तर आधी हृदय तपासायलाच हवं, थायरॉइडही. त्यावर वाद नाही. पण ईसीजी नॉर्मल आला की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, "काही नाही, नाटकं आहेत" म्हणतात आणि आपण पुन्हा कामावर रुजू!

आपल्या आडोशाला राहणाऱ्या त्या चिंताविकाराचा पंचनामा तसा जुनाच आहे. १८९५ साली व्हिएन्नात फ्रॉइडने धडधड, घाम, चक्कर, एवढंच काय, जुलाबसुद्धा त्याच्या खात्यात मांडले होते. पनवेलला ही बातमी अजून पोचायची आहे.

आणि त्याची सगळीच रूपं अशी आरडाओरडा करत येत नाहीत. मुलाने फोन उचलला नाही की जिच्या डोळ्यांपुढे अपघातच उभा राहतो, मान आखडलेली, पहाटे तीनला टक्क जाग, कशात लक्ष नाही, सगळ्यांवर चिडचिड. अशा आईला आपण 'स्वभावच काळजीचा' असं प्रमाणपत्र मिळवून दिलंत. बहुतेक दिवस असेच जात सहा महिने उलटले, काळजीला आवर घालता येईना, की डॉक्टर त्याला स्वभाव म्हणत नाहीत, आजार म्हणतात. त्याच्या चाचपणीला सात प्रश्नांची एक सोपी चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, एकूण गुण २१. दहा किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं. रक्त काढत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. विचारांची घडी बदलणारं समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधं, यांनी पुष्कळांना बरं वाटतं.

तेव्हा ढेकरांपुरतं आपलं राज्य सांभाळा, बाकीचं सोडा. पनवेलकरांनी मात्र एक नंबर लिहून ठेवावा: १४४१६, टेली-मानस. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

आपली,
एक पनवेलकर