शिष्यवृत्तीच्या हप्त्यास अनावृत पत्र

श्री. रा. रा. शिष्यवृत्तीचे हप्ते यांसी,
मुक्काम : महाडीबीटी पोर्टल, 'छाननी सुरू आहे' या खोलीत.

सा. न. वि. वि.

आपण कुशल असालच. दगदग करून घ्यायची सवय आपल्याला नाही.

पत्र लिहिण्यास कारण की, यंदाही डिप्लोमा झालेली मुलं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेली. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षं काढायची आणि मग पदवीला जायचं, हा गरीब घरांचा जुना, हिशेबी मार्ग. बारावीच्या क्लासचा खर्च वाचतो आणि मध्येच घरी अडचण आली तर डिप्लोमावर नोकरी तरी मिळते. मात्र या मुलांचे प्रवेशाचे कॅप राउंड उशिरा उरकतात. पोरगा वर्गात पोचतो तेव्हा गणिताच्या एम-थ्रीचं पहिलं युनिट बरेचदा होऊन गेलेलं असतं. आपण त्याच्याहूनही उशिरा येता, म्हणजे उशिरा येणारा तो एकटाच, असं त्याला वाटायला नको. केवढी ही माया!

खरं तर त्याची आपली ओळख जुनी. डिप्लोमाला तो आपलाच लाभार्थी होता. त्याचा आधार क्रमांक, जात, बापाचं उत्पन्न, सारं आपल्या दप्तरी आहे. पण पदवीला आला की आपण ओळख दाखवत नाही. पुन्हा जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, टीसी, अलॉटमेंट लेटर. मध्ये एखादं वर्ष बापाबरोबर लातूरच्या आडतीवर पोती उचलली असतील, तर गॅपचं प्रतिज्ञापत्र वेगळं.

आणि प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत! ई-सेवा केंद्रात हा सोहळा एकदा बघण्यासारखा असतो. संगणकावरचा मुलगा उत्पन्नाचा दाखला दाबत दाबत लहान करत नेतो. ५०० केबीला तहसीलदारांची सही वाचता येते, ३००ला शिक्का आहे एवढं कळतं, २५०ला निळा डाग उरतो. डाग अपलोड होतो. काही आठवड्यांनी अर्ज परत येतो आणि शेरा असतो, 'दाखला अस्पष्ट'. केंद्रवाल्याचे पैसे दोन्ही वेळा रोख.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आपली उत्पन्नमर्यादा अडीच लाख, ती २०१३ची. महिन्याला २०,८३३ रुपये. हमालाला सुगीत चार पोती जास्त मिळाली की तो आपल्या लेखी सधन. डाळीने, एसटीच्या तिकिटाने आणि कॉटच्या भाड्याने त्यानंतर काय काय केलं, हे आपल्या कानावर घालायचं धाडस कोणाला झालेलं दिसत नाही.

आपले धाकटे बंधू, स्वाधार योजना, यांचाही विषय काढायला हवा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी ते २०१६-१७मध्ये जन्मले. पुण्यामुंबईत ते वर्षाला ६०,००० रुपये देतात, त्यात राहण्याचे २०,०००. म्हणजे महिना १,६६६. पुण्यात या भाड्यात खोली मिळते असं बंधूंना ज्यांनी सांगितलं, त्यांचा पत्ता कृपया कळवावा. पोरं बोचकी बांधून तयार आहेत.

फीचं कौतुक तर आणखी वेगळं. आता आपण तुकड्यांत येता, राज्याचे ४० टक्के निराळे आणि केंद्राचे ६० टक्के निराळे. केंद्राचा वाटा पोराच्या खात्यात येतो आणि त्याने सात दिवसांत कॉलेजला भरायचा. आपण यायला महिने घ्यावेत, त्याने मात्र सात दिवस! दरम्यान कॉलेजच्या खिडकीवर ऐकू येतं, "आत्ता भरून टाक, शिष्यवृत्ती आली की परत मिळतील." शिष्यवृत्तीच्या मुलांकडून आगाऊ पूर्ण फी मागू नये, असे आदेश आहेत. पण आदेश खिडकीच्या आतल्या बाजूला राहतात. मग आईची बोरमाळ सोनाराकडे जाते, सावकार शेकडा तीनने देतो, आणि आपण वरातीमागून घोडं दामटत याल तेव्हा व्याज आपल्याआधी दारात बसलेलं असतं.

हिशेब सरळ आहे. आधी हमालाने सरकारला उसने द्यायचे आणि सरकारने ते सवडीने, बिनव्याजी फेडायचे. याला आपण 'आर्थिक सहाय्य' म्हणता. हमालाकडे याला दुसरं नाव आहे, ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

ही अडचण जुनीच. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा महिना साडेअकरा पौंड ठरले होते. तिथून आंबेडकर लंडनला गेले. पण १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, आणि पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं. एवढ्या बुद्धीच्या माणसाची ही गत. एका संस्थेतून दुसरीत जाताना गरीब विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो, हे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. (हा दाखला स्कॅन करून जोडलेला नाही, केबी वाढतील.)

तरी विनंती अशी की, डिप्लोमाला तपासून झालेले दाखले पदवीला पुन्हा मागू नयेत. खाण्याराहण्याचे पैसे अलॉटमेंट मिळाल्याच्या आठवड्यातच खात्यावर यावेत, कारण मेसवाल्या काकू 'छाननी सुरू आहे' वाचून ताट वाढत नाहीत. फीचं सरकार आणि कॉलेज यांनी आपसात बघून घ्यावं, पोराला मध्ये उभं करू नये.

कळावे, लोभ असावा.