मोटर चालू, पुस्तक उघडं

नसरापूरकडून वेल्ह्याला निघालं की मार्गासनी लागतं. साखर, गुंजवणे करत राजगडावर जाणारी पुण्याची पोरं इथंच वळतात, आणि वळण्याआधी ज्यांना रस्ता विचारतात ते नेमके आमचे गुरुजी निघतात. एका हातात रबरी पाइप, दुसऱ्या हातात पुस्तक, पुस्तकात बोट. ‘राजगड कुठून?’ या प्रश्नाला ‘इथून डावीकडं’ किंवा ‘उजवीकडं’ असं उत्तर असतं हे गुरुजींना मान्य नाही. ते आधी पद्मावती माची सांगतात, मग सुवेळा, मग संजीवनी, मग बालेकिल्ला. राजधानी रायगडावर का हलवली इथपर्यंत गाडी येते तेव्हा आंब्याचं आळं भरून फुटलेलं असतं आणि पाणी पोरांच्या बुटांत शिरलेलं असतं. मिरचीचा वाफा मात्र कोरडा ठणठणीत.

असे गुरुजी भोर-वेल्ह्याच्या गावागावांत एखाददुसरे सापडतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन चालू, घरामागं पाच-सहा गुंठे, आणि आयुष्यभर ‘निवृत्त झालो की निवांत वाचणार’ असं घोकलेलं. निवृत्त झाल्यावर कळतं की घरात निवांत वाचायला जागाच नसते. ओट्यावर बसलं तर येणारा-जाणारा टेकतो, माजघरात बसलं तर दळणाचा डबा पुढं सरकतो. परसात खुरपं घेऊन उकिडवं बसलेल्या माणसाला मात्र कोणी हाक मारत नाही. गुरुजींच्या बागकामाचा उगम हा असा आहे. ते स्वतः निसर्गप्रेम वगैरे सांगतात, ते ऐकून घ्यावं.

महिन्यातून एकदा ते एसटीनं स्वारगेटला आणि तिथून अप्पा बळवंत चौकात जातात. घरून निघताना पिशवीत चिठ्ठी असते: दोडका, कारली, भेंडीचं बी. संध्याकाळी पिशवीतून तीन पुस्तकं निघतात. बी पुढच्या खेपेला.

माघ सरला की या माणसाची खरी ओढाताण सुरू होते. शाळेत त्यांनीच पोरांना तीस वर्षं शिकवलं की चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. पण मावळात काटेसावर, पळस, पांगारा पाडव्याची वाट बघत नाहीत. फाल्गुनातच डोंगर पेटल्यासारखा दिसतो. म्हणजे पाठ्यपुस्तक चुकलं की झाडं चुकली? हे ठरवायला गुरुजी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ काढतात. पुस्तक १९५६ सालचं, चैत्रापासून सुरू होणारं. चैत्र वाचून होईतो मोहरावर तुडतुडे पडलेले असतात आणि मोगरा पाण्याविना माना टाकून बसलेला असतो.

त्यांची पुस्तकं एकदा हातात घेऊन बघावीत. खूण म्हणून जवळ असेल ते पान घालतात. पांगाऱ्याची पाकळी निघाली तर पुस्तक फाल्गुनात वाचलेलं. कढीपत्ता निघाला तर काकींनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, आमटीसाठी आणायला पाठवलं होतं आणि आमटी फोडणीवाचून राहिली. कोपऱ्याकोपऱ्यांवर मातीचे अंगठे असतात, खरेदीखतावर उठवल्यासारखे. मी एक पुस्तक वाचायला नेलं होतं. ऐन खुनाच्या पानावर वाळकी गोगलगाय.

वाळवणाचा प्रसंग सगळ्या आळीला पाठ आहे. काकींनी अंगणात जुन्या साडीवर कुरडया घातल्या, आणि ‘अहो, जरा लक्ष ठेवा’ म्हणून त्या विहिरीवर गेल्या. गुरुजींनी खुर्ची टाकली. हातात व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळ्यांवरची कादंबरी, तिला १९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार. टोळीवर हल्ला होतो त्या पानावर गुरुजी पोचले आणि पत्र्यावर धाडकन आवाज झाला. गुरुजींना वाटलं, काय लिहिलंय! आवाज ऐकू येतो! पान उलटलं. पुन्हा धाडकन. मान वर केली तेव्हा साडीचं एक टोक जांभळीवर होतं आणि तिच्यासोबत दीड पायली गव्हाचा चीक. एक थोराड वानर तोंडात कुरडई धरून गुरुजींकडं शांतपणे बघत होतं.

काकी परतल्या. त्यांनी पुस्तकाचं नाव वाचलं, झाडाकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, “वाचता त्यांच्यावर, आणि दिसत नाहीत तुम्हाला?”

काकींचं बोलणं एवढंच असतं. राबाच्या वेळीही तसंच. फाल्गुन-चैत्रात राब भाजायचा असतो. शेण, पालापाचोळा, टहाळ अंथरून भाताच्या रोपांची जागा भाजून काढायची, म्हणजे तणाचं बी जळतं. गुरुजींनी कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं की शेण जाळणं म्हणजे सोनं जाळणं. ते शास्त्र चुकीचं नाही. पण राबाच्या टोपल्या दारात तयार असताना त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काकी म्हणाल्या, “बरं. मग बेणणी पुस्तकाकडून करून घ्या.” राब भाजला गेला. टोपल्या गुरुजींनीच वाहिल्या.

फार कोंडीत सापडले की ते सावता माळ्याला पुढं करतात. अरणचा माणूस, मळा सोडून पंढरपूरला गेला नाही, मळ्यातच विठ्ठल पाहिला. मीही तसाच माझ्या मळ्यात रमतो, असा सूर. त्यावर काकींनी एकदाच विचारलं होतं, “त्यांच्या मळ्यात भाजी यायची ना?”

काकी वाचत नाहीत असं मात्र समजू नका. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. पुढल्या बाजूला दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, गाय कधी दाखवली ते. महिना उलटला की दुपारच्या भांड्यांनंतर त्या मागचा मजकूर वाचतात, पाककृतीपासून भविष्यापर्यंत. “मी वर्षाला बारा पानं वाचते,” त्या म्हणतात, “पण पुरी वाचते.” गुरुजींच्या कपाटात अर्ध्यावर पाकळी घातलेली किती पुस्तकं आहेत ते त्यांना ठाऊक आहे, झटकणी त्यांच्याकडं असते.

मे महिन्यात पुण्याहून नातवंडं येतात. मागल्या वर्षी नातीनं विचारलं, “आबा, हे कसलं झाड?” आबा म्हणाले, थांब, बघून सांगतो, आणि कपाटाकडं गेले. आजी भाकरी थापता थापता म्हणाली, “करवंद.” पोरगी डोंगराला पळाली. अर्ध्या तासानं आबा उघडं पुस्तक घेऊन अंगणात आले. तिथं कोणीच नव्हतं, म्हणून ते तिथंच बसून पुढलं प्रकरण वाचू लागले. त्यांना काही उणं वाटल्याचं दिसलं नाही.

दोडका यंदाही लागला. मांडव काकींनी घातला, बी शेजारणीकडून आलं, आणि पहिली चार फळं गुरुजींनी आम्हाला ‘आमच्या बागेतली’ म्हणून आणून दिली. चव चांगली होती.

तर राजगडाला निघालात आणि मार्गासनीच्या रस्त्यावर भर उन्हाळ्यात पाणी वाहताना दिसलं, तर उतरून चौकशी करू नका, माचीपासून सुरुवात होईल. गाडीतूनच दोनदा हॉर्न द्या. काकी मोटर बंद करतात.